बंद डब्यातला आपला माणूस

"रिकामा दिसतो म्हणून तो डबा कोणाचाच नसतो असं नाही, तो आपला असतो," असं वहिनी एकदा नव्या तपासनिसाला म्हणाली होती.

त्याने खिशातून वही काढली. "आपला म्हणजे? कितवा नियम?"

"लिहून नको घेऊस रे बाबा," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिने त्याला कामाबाहेरचं काही सांगितलं नाही.

तसं पाहिलं तर ती वहिनी एकाचीच होती. तिचा धाकटा दीर त्याच भुयारी रेल्वेवर गार्ड होता. गाडीच्या शेवटच्या खिडकीतून तो भर फलाटावर "वहिनी, आज कोणता मेलाय?" असं ओरडायचा. ते ऐकून ऐकून सगळं स्थानक तिला वहिनी म्हणू लागलं. तिच्याहून मोठा स्टेशनमास्तरसुद्धा.

तिचं काम मेलेले डबे बंद करण्याचं. दार अडकलं, काच फुटली, कोणी ओकून ठेवलं, गार हवा बंद पडली, की तो डबा लोकांसाठी बंद करायचा. गर्दीच्या वेळी आठ डब्यांच्या गाडीतून मधलाच एक काढून ठेवता येत नाही. म्हणून तो तसाच गाडीबरोबर फिरतो, अंधारा, आणि आजूबाजूच्या डब्यांत माणसं एकमेकांच्या खांद्यावर श्वास सोडत त्याच्याकडे बघत राहतात. शेवटच्या स्थानकावर तिला चार मिनिटं मिळायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, सीटखाली वाकून बघायचं, झोपलेल्यांना उठवायचं, दारं कुलूपबंद करून दिवे घालवायचे, काचेवर कागद चिकटवायचा आणि फॉर्मवर लिहायचं: डबा तपासला, रिकामा. खाली सही. बाहेरून लोक काचेवर थापा मारायचे. "अख्खा डबा एकट्या बाईला पाहिजे का?" ती म्हणायची, "हो, आंदण आलाय."

पण डबा नेहमीच रिकामा नसायचा. गार्ड आणि चालकांची पाळी तुटक असे. पहाटे चार ते आठ, मग संध्याकाळी चार ते आठ. मधल्या वेळात पडायला पूर्वी एक खोली होती. तिचं साहेबांनी फायलींचं गोदाम केलं. तेव्हापासून बंद डबा हीच त्यांची खोली झाली. रीत ठरलेली होती. झोपणाऱ्याने बूट काढून सीटखाली ठेवायचे, टाचा बाहेरच्या बाजूला. टाचा दिसल्या की तो आपला माणूस, त्याला हलवायचं नाही. ज्याने डबा बंद केला, त्यानेच वेळेवर उठवायचं. फॉर्मवर मात्र रिकामा. वीस वर्षं कोणी कोणाचं नाव सांगितलं नव्हतं.

नवरा गेला तेव्हा दीर शाळेत होता. नवऱ्याच्या जागी तिला नोकरी लागली, आणि तिने दिराला वाढवलं, नोकरीला चिकटवलं, त्याचं लग्न लावलं. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीत ती दोघं, बाहेरच्या खोलीत वहिनीची खाट आणि धाकट्या जावेचं शिवणाचं मशीन. जाऊ गणवेशांना काजं करायची. दोघी एकमेकींशी चांगल्या वागायच्या, म्हणजे फार बोलायच्या नाहीत.

त्या मंगळवारी सहाव्या डब्याचं एक दार उघडेना. आठच्या सुमारास तिने तो बंद करायला घेतला, तेवढ्यात पाळी संपवून दीर आत आला, बूट काढले आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. तिने त्याच्या डोक्यावरचा दिवा आधी घालवला. कुलूप लावलं. रिकामा, सही.

अकराला ती गाडी यार्डात जायची होती. दहाला फोन आला, दुसऱ्या टोकाच्या स्थानकावर माणूस कमी आहे, लगेच निघा. तिच्या जागी वहीवाला नवा आला. सहाव्या डब्यात माणूस झोपलाय हे त्याला सांगायचं की नाही, यावर तिने जिना चढेपर्यंत विचार केला. सांगितलं तर तो लिहून घेणार. नाही सांगितलं तरी यार्डातले उठवतीलच. ती निघून गेली.

यार्डात त्या दिवशी जागा नव्हती. गाडी फेऱ्या मारत राहिली. पाच, सहा, सात फेऱ्या. हजारो माणसं त्या काचेसमोर उभी राहिली. नंतर एका प्रवासी बाईने चौकशीत सांगितलं, "बघितलं ना मी. एक हात खाली लोंबत होता. वाटलं, ह्यांच्यातलाच कोणी असेल. पगार घेऊन झोपतात म्हणून चिडलेसुद्धा मी."

चारला दीर पाळीवर आला नाही, तेव्हा वहिनीला फोन गेला. तो कुठे असेल, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. डबा तिनेच उघडला. तो जिवंत होता. उजवी बाजू गेली होती, वाचाही. डॉक्टर म्हणाले, "सकाळी आणलं असतं तर..." आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

आठवड्याने युनियनचा सेक्रेटरी घरी आला. चहाला नको म्हणाला, मग दोन कप प्याला.

"वहिनी, सही तुमची आहे. सहीला धरून राहा. डबा रिकामा होता, तो मागाहून स्वतःच्या चावीने शिरला. एक नोकरी तरी वाचेल घरात."

"आणि त्याची पेन्शन?"

"नियम मोडून शिरला म्हटल्यावर कसली पेन्शन? पण तुमचा पगार आहे की. शिवाय बाकीच्यांचाही विचार करा. झोपायचं बाहेर आलं तर पोरांनी पाठ कुठे टेकायची?"

जाऊ मशीनवर होती. तिने पायडल थांबवलं. "ताई, मी स्पष्टच बोलते. ह्यांची पेन्शन ह्यांच्या नावाने आली तर मी मान वर करून खाईन. तुमच्या पगारावर, ते सुद्धा ज्या हाताने कुलूप लावलं त्या हाताच्या... मला घास उतरायचा नाही."

"बरं," वहिनी म्हणाली.

सेक्रेटरी चप्पल शोधायला लागला.

चौकशीच्या खोलीत टेबलामागे एक अधिकारी आणि टाइप करणारी मुलगी होती. डबा तपासला तेव्हा आत कोणी होतं का, असं विचारलं.

"होतं. माझा दीर. माझ्या परवानगीने."

टाइप करणारीची बोटं क्षणभर थांबली. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने चष्मा काढला. "म्हणजे शिक्षा तुम्हाला, हे कळतंय ना? आणि एवढ्याने त्याला पेन्शन मिळत नाही. आजार पाळीत सुरू झाला असेल तर मिळते. आठनंतर झाला तर तो त्याचा घरचा आजार. आठच्या आधी काही झालं होतं? काही बोलला होता तो?"

वहिनीने टाइप करणारीकडे पाहिलं. मग म्हणाली, "पावणेआठला गाडी लागली तेव्हा खिडकीतून म्हणाला होता. उजव्या हाताला मुंग्या आल्यात, शिट्टीसुद्धा धरवत नाही."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, रात्रभर बायकोने उशाला घेतला असेल."

"हसला?"

"हसला. तोंड थोडं वाकडं झालं. मला वाटलं, तसाच हसला."

हे सगळं टाइप झालं. तिने वाचलं आणि सही केली. या वेळी कागदावर लिहिलेलं खरं होतं.

नोकरी गेली. फलाटावरची माणसं तिच्याशी बोलेनाशी झाली, कारण बंद डब्यांना आता बाहेरून दुसरं कुलूप आलं होतं आणि गार्ड जिन्याखाली पुठ्ठे टाकून झोपत होते. एकाने तिला तोंडावर ऐकवलं, "खरं बोलायची हौस होती तर वीस वर्षं कुठे होतात?" पेन्शन मात्र मंजूर झाली. जाड पाकीट घरी आलं तेव्हा वहिनी दिराला भात भरवत होती. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळालेलं ती परत चमच्यावर घ्यायची आणि तो परत गिळायचा.

जावेने मंजुरीचं पत्र दोनदा वाचलं. "मिळाली," ती म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती जवळ येऊन बसली. "ताई, मी त्या दिवशी फार बोलले. तुम्ही होता म्हणून झालं हे."

पाकिटात अजून कागद होते. चौकशीतल्या जबाबाची नक्कल, नियमाप्रमाणे घरच्यांना पाठवलेली. जाऊ तीही वाचू लागली, आनंदात माणूस औषधाच्या बाटलीवरचं लेबलही वाचतं तशी. एके ठिकाणी तिचं बोट थांबलं. ती ओळ तिने पुन्हा पहिल्यापासून वाचली, ओठ हलवत.

"हाताचं सांगितलं होतं ह्यांनी तुम्हाला?"

वहिनीने दिराच्या हनुवटीवरचं भाताचं शीत पुसलं.

"मुंग्या आल्यात म्हणाले होते? आणि तुम्ही दिवा घालवलात?" जावेचा आवाज चढला नाही, उलट बसला. "आणि हे आता कागदात वाचायचं मी? पेन्शन मिळावी म्हणून साहेबांना सांगितलंत. मला सांगितलं असतंत का कधी?"

दीर डोळे फिरवून दोघींकडे बघत होता. त्याला किती कळत होतं, कोणी सांगू शकत नव्हतं.

"ताई, मी विचारतेय. सांगितलं असतंत?"

"नसतं," वहिनी म्हणाली. तिने चमचा वाटीत ठेवला, वाटी जावेच्या हातात दिली, पायात चपला सरकवल्या आणि ती दार उघडून बाहेर पडली.