शिंगाड्याच्या तळ्यावरचा उजेड

भंडाऱ्याजवळच्या वरठी स्टेशनवर उतरलो तेव्हा ऊन नुकतंच वर आलं होतं. नाशिकहून निघताना मुलगा म्हणाला होता, "बाबा, माफी फोनवर मागता येते." येते. पण जे तळं न पाहता मी निकाल दिला, ते एकदा पाहायचं होतं.

निवृत्तीनंतर मी एक वेबसाइट चालवतो. आकाशात दिसलेल्या, उलगडा न झालेल्या गोष्टींचे व्हिडिओ लोक पाठवतात. मी ते दोन्ही बाजूंच्या मतांसह ठेवतो. कोंढ्याजवळच्या रामाजी नावाच्या मासेमारानं असाच एक पाठवला होता: तिन्हीसांजेला तळ्यावरून संथ सरकणारा पिवळा उजेड. एका जाणकारानं आक्षेप घेतला, "खाली पाण्यात प्रतिबिंब नाही. उजेड नंतर चिकटवलाय." मला ते पटलं. रामाजीला एक शब्दही न विचारता मी व्हिडिओवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं: बनावट. गेल्या महिन्यात त्याचा निरोप आला, "साहेब, ते पुसा जी. बजारात लोक हासतात."

स्टेशनबाहेर घाईत बस पकडली, तीही उलटी.

"काका, कोंढा तिकडं राहिला," कंडक्टर हसला. "तुमी तं तुमसरले जाऊन राहिले!"

पुढच्या थांब्यावर उतरून भंडाऱ्याला आलो आणि पवनीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंच्या बांध्यांत (भाताच्या खाचरांत) कापलेलं धान पसरलं होतं. खिडकीतून त्याचा कोरडा, गोडसर वास येत होता. बोलायचं काय, याची मी मनात जुळवाजुळव करत होतो.

ती काही उपयोगी पडली नाही. रामाजीची बायको पार्बताबाई अंगणात फाटकं जाळं सांधत बसली होती. नाव सांगताच तिनं मान वर केली.

"तुमीच का ते? आमच्या टोपल्यात हात घालून लोक इचारतात, मासे तरी खरे हायेत का, का हेबी चिपकवले?"

"अवं, पावण्याले पाणी तं दे," रामाजी म्हणाला.

"देतो नं. खरं पाणी देतो," ती उठत म्हणाली.

पाणी पिऊन आम्ही तळ्याकडे गेलो. पाळीवर (तळ्याच्या बांधावर) चढलो आणि मी सवयीनं पलीकडच्या मोहाच्या झाडांचं प्रतिबिंब शोधू लागलो. ते कुठेच नव्हतं. काठापासून पार आतपर्यंत शिंगाड्याच्या वेलींची पानं दाटली होती. पाणी असं दिसतच नव्हतं.

"व्हिडिओ काढला तेव्हाही वेल होते?"

"शिंगाडा तोडाचेच दिवस होते. त्याच्यासाठीच तं आलतो."

मी खाली बसलो. मग विचारलं, "रामाजी, काय होतं ते?"

"मले का मालूम? मालूम असतं तं तुमाले काहून पाठवलं असतं?"

त्यानं उडती तबकडी म्हटलंच नव्हतं. त्यानं फक्त विचारलं होतं, आणि मी त्याला खोटं ठरवून मोकळा झालो होतो.

दुपारी भात आणि झणझणीत मासे झाले. निघताना पार्बताबाईनं उकडलेल्या शिंगाड्यांची पुडी हातात दिली आणि म्हणाली, "खोटं जेवढ्या मोठ्या अक्षरात लिवलं, आज पायलं तेबी तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिवा."

घरी आल्यावर आधी ते काम केलं. तळ्याचा फोटो जोडला आणि तितक्याच मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं: 'हा व्हिडिओ बनावट म्हणण्याला आधार नाही. मी न विचारता लिहिलं. चूक माझी.' खाली हेही लिहिलं की पानांमुळे आक्षेप गळतो, एवढंच. उजेड विमानाचा असेल, आकाशकंदिलाचा असेल, आणखी कशाचा असेल. तासाभरात एकानं कळवलं, म्हणजे तबकडीच! दुसऱ्यानं कळवलं, वेबसाइटवाला म्हातारा भुलला. दोन्ही मतं ठेवली.

मग रामाजीला फोन करून सगळं वाचून दाखवलं. ऐकून त्यानं विचारलं,

"मंग ते काय होतं, हे समजलं का?"

"नाही समजलं."

"तसंच लिवलं नं?"

"तसंच लिहिलं."

"मंग बराबर हाय," तो म्हणाला, आणि लगेच पार्बताबाईला हाक मारून विचारू लागला, उद्याच्या बाजाराची टोपली कुठे ठेवली म्हणून.