दोनच उत्तरं

कुणी "बघू" म्हटलं की ती उजव्या हाताची दोन बोटं वर करायची. बाकी काही बोलायची नाही. समोरचा गोंधळला की मग सांगायची, "होय, नाहीतर नाही. बघू म्हणजे काय?" कॅन्टीनमधल्या चहापासून साहेबांच्या मीटिंगपर्यंत सगळ्यांना ती बोटं दिसलेली आहेत. मला तर इतक्यांदा दिसली, की चहाला मी आपोआप "हो" म्हणायला लागलो आणि माझं पित्त वाढलं.

ती हिंजवडीजवळच्या चांदे गावची. घरची शेती, निम्मी इमारतींखाली गेलेली, उरलेल्या जागेत भात आणि भाड्याच्या खोल्या. आम्ही हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये घामाघूम बसलेले असायचो आणि ही स्कूटीवरून कुठल्याशा बांधावरून पुढे निघून गेलेली असायची. ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत, वयाने मोठे साहेबसुद्धा. मला ती "पुणेकर" म्हणायची. त्यात कौतुक नव्हतं, हे सांगायला नको.

तिच्या लग्नाची गोष्ट तिनेच सांगितलेली. बघायला आलेले पाहुणे पोहे खाऊन "घरी जाऊन कळवतो" म्हणाले. ही आतून बाहेर आली आणि म्हणाली, "व्हय का न्हाई ते हितंच सांगा. कळवायला काय नवस बोलायचाय?" पाहुणे तिथल्या तिथे "नाही" म्हणाले. आईने कपाळावर हात मारला, हिने मात्र उरलेले पोहे संपवले. पुढच्या मुलाने पोहे यायच्या आधीच "हो" म्हटलं. "आन् त्यो अजून व्हयच म्हणतोय," असं सांगून ती खदाखदा हसायची.

ऑफिसात ती शुद्ध बोलायची, रागावली की चांद्याची भाषा यायची. त्यामुळे वादळ कधी येणार हे आम्हाला आधी कळायचं.

आता आमचं काम काय, ते सांगतो. कोंबड्यांच्या शेडच्या भिंतीवर लावायची एक पेटी आम्ही बनवत होतो. उकाडा वाढला की ती पंखे सोडते, पाण्याचे फवारे सोडते, वीज गेली की जनरेटर लावते. या पेटीच्या पोटात सेटिंगची एक फाईल असते. तिच्यात प्रत्येक ओळीला एक प्रश्न आणि त्याचं उत्तर. पंखे आपोआप चालवायचे का? भोंगा वाजवायचा का? उत्तरं दोनच असू शकतात, पण आमच्याकडे ती पाच जणांनी पाच तऱ्हांनी लिहिलेली. एकाचं 'ट्रू', दुसऱ्याचं 'येस', तिसऱ्याचं 'ऑन', चौथ्याचा नुसता एक आकडा. पाचव्याने तर प्रश्नच उलटा घातलेला: 'भोंगा बंद ठेवायचा का?' आणि पुढे 'नो'. म्हणजे भोंगा वाजणार. हे वाचताना तुमचीही मान जरा वाकडी झाली असेल. आमची रोज व्हायची.

ताई किती दिवस म्हणत होती की हे सगळं एका साच्यात आणू या. साहेबांचं उत्तर ठरलेलं, "चल रहा है ना? मग कशाला हात लावायचा?" ती दोन बोटं वर करायची. साहेब लॅपटॉपमध्ये बघायचे.

मार्च संपत आला तेव्हा कासारसाईला, धरणाच्या खालच्या अंगाला, एका काकूंच्या शेडवर आमची नवी पेटी बसली. काकूंचा नवरा कंपनीची कॅब चालवतो, दिवसभर बाहेर. शेड त्या एकट्याच बघत. त्यांनी पेटी घेतली ती एकाच कारणासाठी. लेकीचं दुसरं बाळंतपण मे महिन्यात होतं, साताऱ्याला, आणि लेकीला सासू नव्हती. पण उन्हाळ्याच्या दुपारी शेड सोडून जाणार कसं? वीज गेली, पंखे थांबले आणि जनरेटर लावायला कुणी नसलं, तर बंद शेडमधल्या कोंबड्या बघता बघता मरतात.

पेटी कशी चालते ते बघायला ताई आणि मी गेलो होतो. काकूंनी ताक दिलं. ताक पिता पिताच वीज गेली. पंखे फिरत फिरत थांबले. आता जनरेटर लागेल म्हणून आम्ही कान देऊन उभे राहिलो. काहीच आवाज नाही. आतून कोंबड्यांचा कलकलाट वाढला. मी हातात पेला धरून तसाच उभा, आणि ताई जनरेटरकडे पळालेलीसुद्धा. तिने तो हाताने चालू केला. तेवढ्यातही पुढच्या कोपऱ्यातल्या काही कोंबड्यांनी माना टाकल्या होत्या.

काकू रडल्या नाहीत. मेलेल्या कोंबड्या पाटीत गोळा करता करता म्हणाल्या, "ही पेटी काढून न्या. मी न्हाई जात लेकीकडं."

ताई त्यांच्याशेजारी उकिडवी बसली. "काकू, जायचं हाय का न्हाई?"

"जायचं हाय गं, पण..."

ताईने दोन बोटं वर केली. काकूंना त्या बोटांचा अर्थ ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण त्यांना तो कळला.

"जायचं हाय," काकू म्हणाल्या.

"मग पेटी राहू द्या. मी नीट करून देते. तवर दुपारची शेड सोडू नका."

बिघाड लगेच सापडला. पंख्यांच्या ओळीत 'ऑन' चालत होतं, म्हणून पेटी बसवणाऱ्याने जनरेटरच्या ओळीतही 'ऑन' भरलेलं. त्याचं काय चुकलं? पण जनरेटरचा भाग नवा होता आणि त्याला फक्त 'ट्रू' कळत होतं. बाकी काहीही दिसलं की तो मुकाट्याने 'नाही' धरून चालायचा.

साहेब म्हणाले, "एक शब्द बदला, विषय संपला."

"एकच शब्द बदलला तर उद्या फवाऱ्याची ओळ मारंल," ताई म्हणाली. मी खुर्ची जरा मागे घेतली. "सगळ्या वळी बदलायच्या. सगळे प्रश्न सुलटे. 'ट्रू' न्हाईतर 'फॉल्स', तिसरं काय दिसलं, न्हाईतर जागा रिकामी दिसली, तर पेटीनं सुरूच व्हायचं न्हाई. कुठली वळ चुकली ते सांगून गप बसायचं."

"अगं, गिऱ्हाईक ओरडेल!"

"वरडू द्या. पेटी बसवताना वरडलेलं बरं. भर दुपारी कोंबड्या वरडल्या तर ऐकायला कोण हाय?"

साहेबांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, "कर."

तिने केलं. जुन्या गिऱ्हाइकांना एकेकाला फोन करून प्रत्येक ओळ विचारून घेतली. कुणी "तुमीच बघा" म्हटलं की फोनवर दोन बोटं दिसत नाहीत याचा तिला फार त्रास व्हायचा.

एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा कासारसाईला गेलो. नवा प्रोग्राम घातला, तर पेटी सुरूच होईना. भोंग्याची जुनी उलटी ओळ तशीच राहिली होती आणि पेटीने तेवढीच ओळ पडद्यावर दाखवली. काकू म्हणाल्या, "आता तर पार मेली की ही!" ताई इतकी खूश झालेली मी कधी पाहिली नव्हती. "मेली न्हाई काकू, आता कुठं बोलाया लागलीया." ओळ दुरुस्त केली. मग ताईने मेन स्विच पाडला. जनरेटर धडधडला, पंखे फिरले. काकूंनी स्वतः मेन पाडून बघितला. परत पाडला. ताईने त्यांना अडवलं नाही. मशीनवर असाच विश्वास ठेवायचा असतो, हे मी तिच्याकडून शिकलो आणि माणसांच्या बाबतीतही मला ते उपयोगी पडलं आहे.

त्याच महिन्यात तिला बंगळुरूहून बोलावणं आलं. दवाखान्यात लागणारी यंत्रं बनवणारी कंपनी. त्यांनी विचार करायला आठवडा दिला होता, हिने फोनवरच "हो" सांगून टाकलं. निरोपाच्या दिवशी तिने भाषण केलं नाही, सगळ्यांना घरच्या इंद्रायणी तांदळाची एकेक पिशवी दिली आणि स्कूटीवरून निघून गेली. तिची खुर्ची रिकामी झाली आणि मीटिंगा लांबायला लागल्या. मला तिची आठवण येते. अगदी रोज येते.

मे महिन्यात एकदा मी कामासाठी कासारसाईच्या बाजूला गेलो होतो. ऊन मी म्हणत होतं. काकूंच्या शेडजवळ पोहोचलो आणि वीज गेली. रस्त्यावरच्या दुकानातला रेडिओ बंद पडला, पलीकडची पिठाची गिरणी थांबली. मी गाडीतून उतरून पळतच निघालो. मी पोहोचायच्या आत जनरेटर लागला होता आणि पंखे गरागरा फिरत होते. काकूंना हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. मग पलीकडच्या रानातून त्यांच्या जाऊबाई ओरडल्या, "त्या सातारला गेल्यात! नातू झाला!"

शेडच्या दाराला बाहेरून कुलूप होतं.