निनावी सर्व्हेतला ‘की’

गेल्या महिन्यात एका सोमवारी आमच्या सोलापूरच्या ऑफिसात एक गंमत झाली. म्हणजे आता गंमत म्हणतोय... त्या दिवशी कुणाला हसू येत नव्हतं.

आमची कन्सल्टिंग फर्म. टॉवेल-चादरींच्या कारखान्यांना आम्ही सल्ला देतो... पगार कसे ठरवावेत, माणसं टिकावीत म्हणून काय सोयी द्याव्यात वगैरे. आमची स्वतःची माणसं का टिकत नाहीत, हे मात्र कधी कुणी विचारलं नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, त्यातला प्रकार.

तर यंदा पुण्याच्या हेड ऑफिसने विचारलं. सगळ्यांना लिंक आली. पगार, बेनिफिट्स, कल्चर... मोकळेपणाने लिहा, नाव कळणार नाही. मी प्रत्येक चौकटीत ‘गुड’ लिहून मोकळा झालो. बरीच वर्षं नोकरी केली की ‘निनावी’ या शब्दावर माणूस फार विसंबत नाही.

त्या सोमवारी ब्रँच हेड पाटणकर सरांनी सगळ्यांच्या कमेंट्स स्क्रीनवर लावल्या. सर माणूस चांगला. पण पुण्याहून बदली होऊन आलेले... इथलं ऊन आणि इथलं बोलणं, दोन्ही अजून अंगवळणी पडायचीत.

‘गुड’, ‘व्हेरी गुड’, ‘सॅटिस्फॅक्टरी’ असं चाललं होतं. मग बेनिफिट्सखाली हे आलं...

“फॅमिली इन्शुरन्समध्ये आईबाप बसत न्हाईत म्हनं. मग आमची फॅमिली कुटली? आमच्या घरात आईबापच हायत की.”

कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळ्यांच्या माना सिद्रामकडे वळल्या. माझीही वळली.

सिद्राम जवळच्या वळसंग गावचा. रोज बाइकवरून येऊन-जाऊन करतो. क्लायंटशी बोलतानासुद्धा ‘व्हय की’, ‘करतो की’. ऑफिसात असं बोलणारा तो एकटाच, असा आमचा समज. त्याचं प्रोबेशन संपत आलं होतं आणि त्याला कायम करायचं की नाही, हे सर त्याच आठवड्यात पुण्याला कळवणार होते.

“कुणी लिहिलं ते आपण शोधायचं नाही हं,” सर म्हणाले. म्हणाले ते सिद्रामकडे बघूनच. मग फीडबॅकची भाषा प्रोफेशनल कशी असावी, यावर थोडं बोलले.

जेवायच्या सुट्टीत सिद्रामने डबा उघडला तसाच मिटला. “मी ती लिंक उघडलीच न्हाई ओ. लिवलंय कुनी, आन् जानार मी.” जाऊन सरांना तसं सांगू का, असं विचारत होता. मी म्हटलं, बाबा, निनावी सर्व्हेत ‘मी लिहिलं नाही’ म्हणून सांगायला गेलास तर तूच लिहिलंस हे पक्कं होईल. गप्प बस... सल्ला देणं हा आमचा धंदाच आहे.

दुपारी पुण्याच्या एचआर मॅडमबरोबर सगळ्यांचा व्हिडिओ कॉल होता. त्यांनी नेमकी तीच कमेंट काढली. यावर कुणाला काही बोलायचंय का? एसी चालू होता, तरी सिद्राम घाम पुसत होता.

“ते मी लिहिलंय,” अनुराधा मॅडम म्हणाल्या.

अनुराधा मॅडम आमच्यात सगळ्यात सीनियर. क्लायंटसमोर फाडफाड इंग्रजी, आमच्याशी पुस्तकातल्यासारखं मराठी. आईचा फोन आला की तेलुगू... तेही बाहेर पॅसेजमध्ये जाऊन. लग्न केलेलं नाही. घरी आई-वडील आणि त्या. वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढे पुढे जातंय हे आम्हाला ठाऊक होतं. का जातंय, हे कुणी विचारलं नव्हतं.

झालं होतं असं, की वडिलांचे गुडघे शेकता शेकता त्यांनी मोबाइलमध्ये बोलून टाइप केलं. तोंडातून जसं निघालं तसं उमटलं, आणि परत न वाचता त्यांनी पाठवून दिलं. ऑफिसची मराठी वेगळी आणि लहानपणापासून गल्लीत बोललेली वेगळी, हे मोबाइलला काय माहीत...

एचआर मॅडमनी विचारलं, वाक्य जरा नीट करून मीटिंगच्या मिनिट्समध्ये घेऊ का?

“कशाला? तसंच ऱ्हाऊ द्या की. खरं हाय ते.”

इतक्या वर्षांत अनुराधा मॅडमच्या तोंडून ‘हाय’ मी पहिल्यांदा ऐकलं. फार बरं वाटलं, खरं सांगतो. पाटणकर सर जरा ओशाळले. मग म्हणाले, “हा मुद्दा माझाही धरा. माझी आईसुद्धा यात बसत नाही.”

पुढचं उगाच रंगवून सांगत नाही. इन्शुरन्सचा मुद्दा ‘विचाराधीन’ असल्याचं मेल आलंय. विचाराधीन म्हणजे काय, हे सल्ला देणाऱ्यांना कुणी सांगायला नको. मॅडमच्या वडिलांचं ऑपरेशन अजून व्हायचंय.

सिद्राम मात्र कायम झाला. घरून शेंगाचटणी घेऊन मॅडमच्या टेबलापाशी गेला, म्हणाला, “तुमच्यामुळं वाचलो बगा.” मॅडम म्हणाल्या, “माझ्यामुळंच अडकला होतास की!”

काल पुन्हा लिंक आली. तेच प्रश्न, तीच निनावी चौकट. बेनिफिट्सखाली मी या वेळी ‘गुड’ लिहिलं नाही. ‘आईबाप बी फॅमिलीच हायत की’ असं लिहिलं.

नाव टाकायला जागा नव्हती. म्हणून त्याच चौकटीत, वाक्याखाली, माझं पूर्ण नाव लिहिलं... पुन्हा सगळ्यांनी सिद्रामकडे बघायला नको.