बावीस झंपर आणि एक जादा रकाना

पलूसमधल्या कुठल्या बाईचं अंग कधी भरलं आणि कधी उतरलं, याची खबर दोघांनाच असायची. एक वरच्याला आणि दुसरी झुबेदा मुलाणीला. वरचा काही बोलत नाही, आणि झुबेदाही बोलायची नाही.

चाळीस वर्षं ती गावाचे झंपर शिवत होती. तिच्या वहीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने असत. एकावर लिहिलेलं असे ‘सांगायचं’, दुसऱ्यावर ‘कापायचं’. माप घेताना बाईनं हळूच विचारलं, “किती गं झालं?” की झुबेदा पहिल्या रकान्यातला आकडा सांगे, “चौतीस! तुमचं आपलं अजून चौतीसच.” आणि कात्री मात्र दुसऱ्या रकान्यातल्या अडतीसावर चालवी. बाई घरी जाईपर्यंत हसत जाई आणि झंपरही अंगाला चोख बसे. चाळीस वर्षांत तिच्या मशीनवरून उतरलेला एकही झंपर दाबायला किंवा उसवायला परत आला नव्हता. हा तिचा एकुलता एक गर्व होता, आणि तो ती रोज घासूनपुसून ठेवी.

लग्नकार्याची मापं ती सुट्या कागदांवर घेई. काम झालं की कागद बंबात टाकी. तिचं म्हणणं असं, की माप दोन ठिकाणी राहिलं की चार तोंडांत जातं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी जवळचं धूसरच राहिलं आणि पेन्सिलीनं लिहिलेला तीन तिला आठासारखा दिसायला लागला. तेव्हा एकसष्टाव्या वर्षी झुबेदानं संयोगिताच्या कॉम्प्युटर क्लासात नाव घातलं आणि एक जुना लॅपटॉपही घेतला. संयोगिताचं पहिलं परकर-पोलकं झुबेदानंच शिवलेलं. त्यामुळे क्लासात “मावशी, माऊस असा धरा,” असं ती म्हणाली, की झुबेदा म्हणे, “व्हय मॅडम. तुमी परकरात मुतलात तवा बी मी असंच सांबाळून धरलं हुतं.” पोरी खो खो हसत.

हे इलाहीच्या कानावर गेलं. इलाही तिचा धाकटा दीर, स्टँडजवळ त्याचं टेलरिंगचं दुकान. भाऊ वारल्यापासून सात वर्षं त्याचं एकच टुमणं होतं, की भाभीनं आता आराम करावा आणि भावाची पितळी मुठीची कात्री आपल्याकडे द्यावी.

“भाभी, कॉम्प्युटरनं कापड कापतंय व्हय कुटं?” तो दारात उभा राहून म्हणाला.

“कापत न्हाई. पर तुझ्यासारकं बोलत बी न्हाई.”

“तसं न्हवं. आता राहीबाईच्या नातवाचं लगीन हाय. बावीस झंपर घेतल्यात तुमी. एक जरी परत आला तर?”

झुबेदाच्या जिभेला हाड नव्हतं. “एक जरी परत आला तर कात्री तुझ्या दुकानात आणून टांगीन. आन् न्हाई आला तर पुन्ना कात्रीचं नाव काडायचं न्हाई. बोल!”

इलाही लगेच हो म्हणाला. त्या कात्रीवर नवऱ्याच्या अंगठ्याचा झिजलेला खड्डा होता, आणि आता तोच खड्डा झुबेदाच्या अंगठ्याला बसत होता. बोलून गेल्यावर तिला ते आठवलं. पण शब्द काही उसवता येत नाही.

राहीबाईचं घर पलूसमध्ये नावाजलेलं. दोन मुलं फौजेत, घरचा ऊस, आणि नातू ऋषिराजचं लग्न. घरातल्या आणि पैपाहुण्यांतल्या बावीस बायकांनी एकाच रंगाच्या साड्या आणि एकाच कापडाचे झंपर घालायचे, असं ठरलं होतं. डिसेंबरातल्या थंडीत पाहुण्या मापाला येऊन गेल्या. आटपाडीहून सून क्रांतीच्या बहिणी आल्या, आणि दहिवडीहून राहीबाईची नणंद हरणाबाई आली. ती बाभळीच्या काटकीसारखी वाळलेली होती. झुबेदानं बावीस नावं आणि बावीस मापं लॅपटॉपवरच्या तक्त्यात भरली. डोळ्यांना बरं पडावं म्हणून ‘कापायचं’ रकान्यातले आकडे तिनं भेंडीएवढे मोठे केले. नावं मुंगीएवढीच राहिली. मग कागद बंबात टाकले आणि त्या पाण्यानं मनसोक्त अंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, नावं बाराखडीप्रमाणे लावली तर शोधायला सोपं पडेल. तिनं नावांचा रकाना धरला आणि क्रम लावायचं बटण दाबलं. पडद्यावर एक चौकट आली. तिच्यात इंग्रजीत काहीतरी विचारलेलं, खाली दोन पर्याय. झुबेदानं आयुष्यात कुणाला माप दोनदा विचारलं नव्हतं, आणि कुणी आपल्याला दोनदा विचारलेलं तिला खपायचं नाही. “सांगितलं न्हवं एकदा? धरलंय तेवडंच लाव!” असं म्हणून तिनं खालचा पर्याय दाबला, फाईल जपून ठेवली आणि कॉम्प्युटर बंद केला.

मग तिनं चिठ्ठ्या छापल्या. नाव आणि माप एका पट्टीवर. भेंडीएवढे आकडे बघत ती कापत गेली, शिवत गेली, आणि ज्या आकड्याचा झंपर त्याच्यावर ती चिठ्ठी टाचत गेली. मुंगीएवढ्या नावांकडे तिनं पाहिलंच नाही. बाविसावा झंपर हळदीच्या आदल्या दिवशी मशीनवरून उतरला.

त्याच दुपारी क्लासात संयोगितानं सगळ्यांना आपापल्या माहितीचा उभ्या खांबांचा आलेख काढायला लावला. झुबेदानं झंपरांचाच काढला. आलेख बघून ती दचकली. “आगं, ह्या बायका हायत का मिनार? येक जमिनीला टेकलीय, दुसरी आभाळाला!”

“मावशी, खालची रेघ अठ्ठावीसपासून सुरू झालीय. म्हणून चार इंचाचा फरक चाळीस वाटतो. ती शून्यापासून सुरू करा.”

“शून्य मापाची बाई कुणी बगितलीय? ऱ्हाऊ दे तशीच. मला अर्दा इंच दिसाय पायजे.”

संयोगिता हसली आणि सहज म्हणाली, “पण मावशी, हा सगळ्यात उंच खांब कुणाचा? हरणाबाई... चव्वेचाळीस?”

झुबेदा खुर्चीतून उठली. चव्वेचाळीस म्हणजे हरणाबाईला एखाद्या शेळीसकट झंपरात बसवता आलं असतं. आणि पिठाच्या पोत्यासारखी भरलेली क्रांती बत्तीसवर उभी होती.

संयोगितानं दोन मिनिटांत दुखणं ओळखलं. “नावं हलली, मापं जागेवर राहिली. चौकटीनं हेच विचारलं होतं, की शेजारचे रकाने सोबत घेऊ का. आणि जपून ठेवून बंद केलंत, आता उलटं फिरवता येत नाही. पहिला रकाना अनुक्रमांकाचा असता तर एका बटणात जुना क्रम परत आला असता. मूळ कागद कुठं आहेत?”

“बंबात.”

“बंबात कशाला ठेवलेत?”

“ठेवलं न्हाईत. जाळलं.”

 झुबेदाच्या डोळ्यांपुढे इलाहीच्या दुकानातला मोकळा खिळा आला. मग तिच्यातली शिवणारी बाई जागी झाली. “थांब. कापड एकच. रंग एकच. बावीस मापाचं बावीस झंपर मी बरोबर शिवल्यात. चुकल्यात त्या निस्त्या चिठ्ठ्या. कुणाचा कुठला येवडंच हुडकायचं. उद्या सकाळी हळद हाय. सगळ्या एका घरात घावतील.”

“पुन्हा मापं घेणार?”

“माप घेतलं तर इलाही दुपारच्या आत बँड लावून गावात सांगंल. तू चल फोन घेऊन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात पाय टाकल्या टाकल्या झुबेदानं समोर आलेल्या पहिल्या बाईला मिठी मारली. घट्ट, दोन्ही हात पाठीमागे नेऊन, बोटं एकमेकांपर्यंत पोचतात का ते बघत. मग संयोगिताच्या कानात पुटपुटली, “छत्तीस.” संयोगितानं फोनमधल्या तक्त्यात नावापुढे आकडा भरला. दुसरी बाई. “साडेचौतीस.” तिसरी.

“आगं ए झुबेदा, आज ईद हाय का काय?” राहीबाई ओरडली.

“ईदला तीनदाच गळाभेट घेत्यात. तुमच्या घरचं लगीन म्हंजी माझ्या घरचं. या हिकडं!”

राहीबाईच्या पाठीवर बोटं भेटली नाहीत. “एकोणचाळीस,” झुबेदा कुजबुजली. “सांगायचं पस्तीस.”

क्रांती पोळ्या लाटत होती. तिला पाठीमागूनच धरावं लागलं आणि लाटणं उडालं. “मावशी, दारूबिरू पिऊन आलाय का काय तुमी?”

“न्हाई गं, माया दाटून आली.”

“माया पोळी भाजल्यावर दाटू दे की!”

बाराच्या आत एकवीस मिठ्या झाल्या. बाविसावी हरणाबाई. ती उन्हात हळद कुटत बसली होती. झुबेदानं तिला अलगद धरलं, आणि हात दोनदा फिरवला. मिठी तीस सांगत होती.

खोलीत बसून संयोगितानं एका बाजूला झंपरांची मापं आणि दुसऱ्या बाजूला मिठ्या, दोन्ही उतरत्या क्रमानं लावल्या. या वेळी सगळे रकाने सोबत धरून, आणि झुबेदानं दोनदा विचारून खात्री केल्यावर. मोठ्यापुढे मोठा, धाकट्यापुढे धाकटा. एकवीस जोड्या अर्ध्या इंचाच्या आत जुळल्या. शेवटी हरणाबाईपुढे उरलेला झंपर मात्र बत्तीसचा होता.

“मिठी चुकली का मावशी?”

“मिठी चुकत न्हाई. माप चुकलंय.” झुबेदा परत उन्हात गेली. “हरणाबाई, डिसेंबरात मापाला आला तवा अंगात काय घातलं हुतं खरं सांगा.”

हरणाबाई लाजली. “झंपराखाली गरम बनियन हुतं बाई. ल्योकानं लडाखवनं आणलेलं. लय थंडी हुती. तुमी ‘काडा’ म्हणाल म्हनून सांगितलंच न्हाई.”

झुबेदानं मनातल्या मनात हिशेब मांडला. नावं जागेवर राहिली असती, चिठ्ठ्या बरोबर लागल्या असत्या, तर हा एक झंपर हरणाबाईच्या अंगावर पिशवीसारखा लोंबला असता आणि खात्रीनं परत आला असता. तिच्या गाढवपणानंच तिची कात्री वाचवली होती. घरी येऊन तिनं दोन्ही बाजूंना पुढून-मागून अर्धा-अर्धा इंच दाब मारून झंपर दोन इंचांनी आत घेतला, बावीस नव्या चिठ्ठ्या टाचल्या आणि संध्याकाळी गाठोडं पोचतं केलं.

लग्नाच्या दिवशी इलाही अक्षता टाकायला आला, पण त्याची नजर नवरा-नवरीवर नव्हती. एका रंगाच्या बावीस पाठी त्याच्यापुढून गेल्या. कुठं चुणी नाही, कुठं ताण नाही. हरणाबाई तर आरशापुढून हलत नव्हती. आठवडाभर त्यानं वाट पाहिली. एकही झंपर परत आला नाही.

मग तो स्वतःच झुबेदाच्या दारात आला. “भाभी, कात्री ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. पर त्या तक्त्याचं मला बी शिकवा.”

“बस. आदी पयला रकाना अनुक्रमांकाचा. आन् चौकटीनं काय ईचारलं तर पयलं वाच, मग बटण दाब. कागद जाळायचं ते काम पोचतं झाल्यावर.”

इलाहीनं पडद्यावर वाकून बघितलं. अनुक्रमांक, नाव, सांगायचं, कापायचं. त्यापुढे एक नवा रकाना होता, आणि त्याच्यावर लिहिलेलं होतं ‘मिठी’.

“आन् ह्यो कशाचा?”

झुबेदानं कात्री उचलली आणि अंगठा त्या खड्ड्यात बसवला. “त्यो तुला न्हाई मिळायचा. तू आपला टेप वापर.”