शून्य नंबरचं कलम

मंगळवार होता. कॉलेजच्या लॅबमध्ये दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल चाललं होतं. फाइलमधला हवा तो रेकॉर्ड नंबरावरून कसा गाठायचा, ते मी फळ्यावर लिहीत होते. सी भाषेत त्याला एक ओळ पुरते. रेकॉर्डचा नंबर गुणिले एका रेकॉर्डची लांबी, आणि थेट तिथे उडी. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मधले रेकॉर्ड वाचायचेच नाहीत?"

"लांबी ठाऊक असली की नाही लागत," मी म्हटलं. तेवढ्यात पावसच्या आमच्या बागेतून गंगारामचा फोन आला. "वयनी, दादा कलमाखाली बसलेत ते उठत नायत."

गंगारामचे दादा म्हणजे सतीश, माझा नवरा. त्याला जाऊन आता आठ महिने झाले. भेटायला आलेल्या प्रत्येकाने बागेतला एकेक किस्सा सांगितला. मी ऐकत गेले, त्यात माझे मिळवत गेले. माणूस गेल्यावर कपडे, चपला, औषधं उरतात तसे किस्सेही उरतात. फरक इतकाच, की ते कोणाला देऊन टाकता येत नाहीत. त्यातले बरेचसे सतीशने बागेसाठी लिहिलेल्या प्रोग्रामचे आहेत.

माझ्या सासऱ्यांनी, भाऊंनी, मात्र एकही किस्सा सांगितला नाही. तेराव्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "दिवाळीनंतर बाग कोणाला तरी कराराने देऊ. कुठल्या कलमाला काय हवं, ते त्याला ठाऊक होतं. आता कोण सांगणार?"

*

पावसला आमची हापूसची तीनशे बारा कलमं आहेत. प्रत्येकाच्या बुंध्यावर डांबराने नंबर घातलेला. कोणाला खत कधी दिलं, कोण एक वर्षाआड धरतं, हे सगळं पूर्वी भाऊंच्या डोक्यात असायचं. एका वर्षी त्यांनी सत्तेचाळीस नंबरला दोनदा फवारलं आणि अठ्ठेचाळीसला एकदाही नाही.

सतीश म्हणाला, "भाऊ, हे आता कंप्युटरवर घेऊ."

"घे. पण तो विसरला तर मला विचारायला यायचं नाही."

मी म्हटलं, एक्सेलमध्ये कर, संध्याकाळपर्यंत होईल. तर म्हणतो, "बायको सी शिकवते आणि मी एक्सेल वापरू?" माझ्या नोट्स घेऊन बसला. दोन महिने लागले. पहिल्यांदा प्रोग्राम चालला तेव्हा त्याने सत्तेचाळीस टाइप केलं, आणि पडद्यावर तेराव्या कलमाची माहिती आली.

सतीश खूश. म्हणाला, "बघ, अगदी भाऊंसारखा चालतो."

*

ती चूक सुधारली, पण दुसऱ्या एका गोष्टीवरून आमचं आठवडाभर भांडण झालं.

सीमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते. फाइलच्या अगदी तोंडाशी असलेला रेकॉर्ड म्हणजे शून्य नंबर. मी सांगितलं, कलमाच्या नंबरातून एक वजा कर, म्हणजे पहिलं कलम शून्यावर बसेल.

"बुंध्यावर एक लिहिलंय. मी त्याला शून्य कसं म्हणू?"

"मशीन शून्यापासून मोजतं. तेच बरोबर आहे."

"मग मशीनने बागेत येऊन मोजावं."

शेवटी ओटीवरून भाऊंनी विचारलं, "अगो, हे शून्य नंबरचं कलम म्हणजे कुठलं? कोणी तोडून नेलंन की काय?"

सतीशने एक वजा केलाच नाही. पहिलं कलम एकावर बसलं आणि फाइलच्या सुरुवातीला एका रेकॉर्डची जागा रिकामी राहिली. मी म्हटलं, "जागा फुकट गेली."

"जाऊ दे. घराला अंगण लागतंच."

पुढे पंधरा वर्षं हा विषय निघाला की तो मला चहा करायला सांगायचा.

*

थेट उडी मारायची तर सगळे रेकॉर्ड सारख्या लांबीचे हवेत. म्हणून प्रत्येक रकान्याला मर्यादा होती. शेऱ्याला एकोणचाळीस अक्षरं, तीही इंग्रजी लिपीत टाइप केलेल्या मराठीची. पुढचं प्रोग्राम गुपचूप कापून टाकायचा.

हे भाऊंना कोणी सांगितलं नव्हतं. ते आरामात शेरे सांगत आणि सतीश खाली मान घालून टाइप करी. पुढच्या वर्षी खत घालताना एकशे सहा नंबरचा शेरा निघाला. "खत घालू नये असं गंगाराम म्हणतो, ते"

सतीशने विचार केला, ते बरोबर असणार. खत घातलं नाही.

भाऊ संतापले. "अरे, 'ते ऐकू नये' असं सांगितलं होतं मी!"

गंगाराम आमच्या बागेत तीस वर्षं आहे. एवढ्या वर्षांत त्याला कोणी काही विचारून केलेलं नव्हतं. तो छाती काढून म्हणाला, "आता काय बोलू नका भाऊ. माजा शब्द कंप्युटरमधी हाय."

त्या वर्षी एकशे सहा लागलाही चांगला. भाऊ महिनाभर त्या झाडाकडे फिरकले नाहीत.

*

वादळात दोनशे चौदा नंबर मुळासकट आडवा झाला. गंगाराम म्हणाला, "दादा, त्याचं नाव काडून टाका."

सतीशने काढलं नाही. रेकॉर्डपुढे फक्त एक फुली मारली.

"पडलेल्या झाडाची हजेरी कशाला वो?"

"मधलं काढलं तर मागचे सगळे एकेक नंबर पुढे सरकतील. तुला उद्यापासून तुझ्या भावाच्या नावाने हाक मारली तर ओ देशील?"

गंगाराम विचार करून म्हणाला, "जेवायला बोलवलात तर देईन."

त्याच आळ्यात सतीशने नवं कलम लावलं. नंबर तोच, दोनशे चौदा. रेकॉर्ड तोच, फुली पुसून लागवडीची तारीख नवी. यंदा ते माझ्या खांद्याला लागलंय.

*

पावसाळ्यात जुना कंप्युटर बंद पडला आणि प्रोग्राम त्याच्याबरोबर गेला. पेन ड्राइव्हवर उरली नुसती फाइल. उघडली तर सगळी अक्षरं सलग, मध्ये रेघ नाही, स्वल्पविराम नाही. एका रेकॉर्डची लांबी किती, हे सतीशने कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. मुलांना मी शिकवते, लांबी ठाऊक असली की झालं. ती ठाऊक नसली तर काय, हे माझ्या नोट्समध्ये नव्हतं.

दिवाळीला मुलगी, रेवा, पुण्याहून आली. भाऊबीज झाली आणि भाऊ म्हणाले, "करारवाल्याला रविवारी बोलावलंय."

शनिवारी सकाळी आम्ही दोघी ओटीवर लॅपटॉप घेऊन बसलो. फाइल चाळीस हजार चौसष्ट बाइटची. रेवाने तीनशे बारांनी भागलं. भागाकार एकशे अठ्ठावीस, बाकी एकशे अठ्ठावीस.

"काहीतरी चुकलं," ती म्हणाली. "बाकी आणि भागाकार एकच कसे?"

मला मात्र हसू आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच असावं, कारण भाऊंनी काठी टेकून वळून पाहिलं.

"बाकी नाही ती," मी म्हटलं. "ते अंगण आहे. एक रेकॉर्ड जास्त आहे. तीनशे तेरांनी भाग."

नि:शेष भाग गेला. एकशे अठ्ठावीसची लांबी घालून मी दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला. सत्तेचाळीस टाइप केलं, सत्तेचाळीसच आलं. अठ्ठेचाळीस, एकशे सहा, दोनशे चौदा. कोणाला खत कधी, फवारणी कोणती, सगळं जागच्या जागी.

गंगाराम पायरीवर बसून ऐकत होता. "एकशे सातला काय लिवलानी हाय?" वाचून दाखवलं. "बरोबर हाय."

दुपारी भाऊंनी स्वतः फोन लावला. "उद्या येऊ नका. बाग घरचीच बघणार आहेत." फोन ठेवून मला म्हणाले, "अगो, थांबलीस का? पुढचं वाच."

तीनशे बारापर्यंत वाचून झालं. लॅपटॉप मिटणार, तर रेवा म्हणाली, "आई, शून्य राहिलं."

"तिथे काही नाही गं. ती जागा रिकामीच आहे."

"बघ तरी."

शून्य टाइप केलं. नावाच्या रकान्यात माझं नाव होतं. मूळ गाव, सावर्डे. जात, रायवळ, म्हणजे कलम न केलेली. लागवडीचं वर्ष आमच्या लग्नाचं. फवारणीच्या रकान्यात, "चालत नाही." रेवा मोठ्याने हसायला लागली. मग खालचा शेरा तिने वाचला नाही, लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"शून्यापासून मोजणं बरोबर. तिला सांगायच"

तिथे एकोणचाळीस अक्षरं संपली होती. मला त्याने ते कधी सांगितलं नाही.