शालूची तीन बोटं

आमच्या वऱ्हाडात जवान माणसाचं तोंड उघडेनासं झालं, की डॉक्टरच्या आधी पानठेला आठवतो. खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, दुसरं काय! बारा वर्षं मी खर्ऱ्याविरुद्ध चौकाचौकांत बोंबलतो आहे. लोकांना एकच साधी परीक्षा शिकवतो: तीन बोटं उभी धरून तोंडात घाला, गेली नाहीत तर दवाखाना गाठा.

अकोल्यात जठारपेठेतल्या आशाबाईंनी ती परीक्षा घरी घेतली. पोरगी शालू, वय बावीस, साड्यांच्या दुकानात मोबाईलवर ऑर्डरी घेणारी. दोन बोटंही जाईनात. आशाबाईंचा नवरा खर्ऱ्यापायीच, तोंडाच्या कॅन्सरने गेलेला. त्यांनी पोरीची पर्स उलटी केली, गादीखाली खर्ऱ्याची पन्नी शोधली. काहीच सापडलं नाही तेव्हा रडत माझ्याकडे आल्या.

मी तरी काय दिवे लावले? पोरीला समोर बसवून विचारलं, कोणत्या ठेल्यावरून आणतेस? मला बनवणारे पुष्कळ भेटलेत. वाटलं, ही त्यांतलीच.

जेमतेम उघडणाऱ्या तोंडानं शालू म्हणाली, "खर्ऱ्यानं माहा बाप नेला, दादा. मी त्याले हात लावीन काय?"

मला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिघंही एसटीनं अमरावतीला, दातांच्या मोठ्या दवाखान्यात.

डॉक्टरीणबाईंनी गाल आतून चाचपले, खर्ऱ्यानं होतात तसे कडक नव्हते, मऊ होते. कानापुढे बोट दाबून जबडा हलवायला लावला, तर आत कट्ट वाजलं आणि शालू कळवळली. मग बाईंनी भलताच प्रश्न विचारला: फोन कसा धरतेस? शालूनं खुर्चीतच दाखवलं. मान खाली, फोन मांडीवर, हनुवटी डाव्या तळहातावर, दात गच्च आवळलेले. दुकानात दिवसभर अशीच, घरी आल्यावर व्हिडिओ बघतानाही अशीच.

"खर्रा नाही. कॅन्सरही नाही," डॉक्टर म्हणाल्या. जबड्याचा सांधा आणि स्नायू दमले होते. एकट्या फोनवर खापर फोडू नका म्हणाल्या, पण ही बैठक आणि दात आवळणं सोडावंच लागेल. फोन कमी, धरायचा तो डोळ्यांसमोर, दात सुटे, गरम शेक, मऊ जेवण, थोडा व्यायाम.

आशाबाई बाहेर बाकावर टेकल्या आणि पिशवीतली भाकर काढून खाऊ लागल्या. कालपासून पोटात काही नव्हतं.

दीड महिन्यानं शालूनं मला मुद्दाम सकाळीच बोलावलं. आशाबाई रोज सकाळी तिच्या तोंडात बोटं घालून पाहत. त्या दिवशी माझ्यादेखत तिन्ही गेली. आशाबाईंचे डोळे भरून आले, पण हात काही निघेना, आणि पोरगी भरल्या तोंडानं गुरगुरत राहिली, काढ ना व माय आता.

हात निघाला तशी ती माझ्याकडे वळली. "आता तुमचं तोंड उघडा, दादा."

"माहं? काहून?"

"माफी मांगाले."

उघडलं. चौकात बोलतो त्याच आवाजात, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं.