दिवाकरच्या बाजूची खुर्ची

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिच्यापासून काही लपणं कठीण — खिशातली सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पुडीसुद्धा ती बरोबर शोधायची — पण हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. आता ती नाही. मुलगी नागपूरला. घरात बोलायला भिंती आहेत, आणि त्यांनाही माझा कंटाळा आला असावा. तेव्हा तुम्ही ऐका.

मी सावली गावाकडच्या एका राइस मिलमध्ये मिस्त्री होतो. लोक अजून मिस्त्रीभाऊ म्हणतात, मानाने म्हणतात. त्या मानाचं मोठं कारण म्हणजे दिवाकर. मशीनच्या पट्ट्यात त्याचा उजवा हात गेला, तेव्हा मशीन थांबवून त्याला सोडवलं ते मी. माझ्या खांद्यावरच्या दुपट्ट्यात हात गुंडाळून, वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं तेही मी. हे सगळं खरं आहे. म्हणूनच तर बाकीचं इतकी वर्षं पचलं.

पट्ट्याचं आधी सांगायला हवं. ओलसर धान आलं की मशीनवर ताण येतो आणि पट्टा घसरायला लागतो. मग त्यावर राळेची पूड टाकायची, म्हणजे पकड येते. मशीन बंद करून टाकायची, असा नियम; भिंतीवर रंगवलेलाही होता. पण बंद केली की आत अडकलेलं धान उपसा, पुन्हा चालू करा — आणि तेवढ्यात मॅनेजर केबिनमधून बाहेर. म्हणून आम्ही चालू पट्ट्यावरच मूठ मारायचो. सगळेच. नव्या माणसाला हे मीच शिकवायचो, आणि न बिचकता मूठ मारणाऱ्याची पाठ थोपटायचो. मॅनेजरला माहीत नव्हतं का? पण त्याचं सोडा. मी त्याच्याबद्दल सांगायला बसलेलो नाही.

दिवाकर हमालीतून मशीनवर आलेला. अंगाने धिप्पाड, स्वभावाने भित्रा. त्या दिवशी पट्टा घसरला तेव्हा तो राळेची मूठ घेऊन नुसता उभा राहिला. मशीन बंद करावी, असं त्याच्या मनात होतं. मला ते दिसलं होतं — पुढचं जरा थांबून सांगतो.

हात मनगटापासून गेला. टाके ओले असतानाच मॅनेजरने त्याला चौकशीला बोलावलं. कामावर हात गेला तर भरपाई मिळते, तो कोणाचा उपकार नसतो. पण माणसाने मुद्दाम नियम मोडला असं ठरलं, की मालक अंग काढून घ्यायला मोकळा. चौकशी त्यासाठीच होती. आपला एक माणूस सोबत बसवायला मागता येतं, असं दिवाकरला दवाखान्यात कोणीतरी सांगितलं होतं. त्याने ते मागितलं — त्या भित्र्या माणसाने! — आणि माणूस निवडला तो कोण? मी.

त्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसलो. मॅनेजर विचारत होता, मशीन बंद का केली नाहीस? दिवाकर म्हणाला, कोणीतरी मागून ओरडलं, 'टाक' म्हणून. कोण ओरडलं? मशीनच्या धडधडीत त्याला आवाज ओळखू आला नव्हता. तो माझ्याकडे वळला.

"मिस्त्रीभाऊ, तुमी तं तिथीच होते. कोनं म्हनलं जी?"

"मी तं काई आयकलो नाई," मी म्हणालो.

ओरडलो मीच होतो. "टाक ना बे, पाहून काय राह्यला?" — हे माझे शब्द. वर एक शिवीही हासडली होती. मग मॅनेजरने विचारलं, चालू पट्ट्यावर राळ टाकायची इथे पद्धत आहे का? मी नाही म्हणालो. हे खोटं त्यालाही माहीत होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

नोकरीची भीती होती, असं मी स्वतःला कितीदा समजावलं. होतीच. पण खरी भीती वेगळी होती — दिवाकरच्या मनातून उतरायची. त्याला बुडवलं, ते त्याच्यापुढे चांगला राहण्यासाठी. लाज वाटते.

भरपाई मिळाली नाही. साक्षीदारच नाही तर तो कोणाच्या भरवशावर भांडणार? आता पानठेला चालवतो, एका हाताने. मी त्या चौकातून जात नाही. लग्नाबारशाची बोलावणी येतात, मी गुडघ्याचं निमित्त काढतो. चार माणसांत बसलं की कोणीतरी दिवाकरचा विषय काढतो आणि मग माझं कौतुक सुरू होतं. त्यापेक्षा एकटं बरं. बरं कसलं — संध्याकाळी घर खायला उठतं.

गेल्या उन्हाळ्यात तोच घरी आला. त्याचा जावई मिलमध्ये मशीनवर लागला होता. मिस्त्रीभाऊंच्या पाया पड, म्हणाला. पडला बिचारा. मग दिवाकर माझ्यासमोरच त्याला समजावायला लागला.

"मशीन बंद केल्याबिगर हात नोको घालजो. मले टाक म्हनून कोनी नवतं सांगतलं, जवाई. मले वाटे कोनी ओरडलं म्हनून, पन तो भासच होता. मीच येडा, अन् दुसऱ्यावर दोष टाकून राह्यलो होतो."

भास! माझ्या एका वाक्यावर भरवसा ठेवून त्याने स्वतःच्या कानांवरचा भरवसा सोडून दिला होता. तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. समोर मॅनेजर नव्हता, जायला नोकरी नव्हती. दोघंही माझ्याकडे बघत होते.

"होते असं कधी कधी," मी म्हणालो, आणि चहा ठेवायला आत गेलो.